दुकानाच्या बाइकचा इन्शुरन्स : पैसे वाचवा, पण कात्री योग्य जागी लावा



आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात नवीन धंदा सुरू करणाऱ्याचा पहिला कामगार म्हणजे त्याची बाइक. गजानन मार्केटमधून कापडाचे गठ्ठे आणायचे, कॅम्प पाचमधून जीन्सचं पार्सल उचलायचं, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत जेवणाचे डबे पोचवायचे, बदलापूर पूर्वेहून पश्चिमेला केक न्यायचा, सगळं तिच्यावरच. आणि याच कामगाराच्या इन्शुरन्सची वेळ आली की आपण सगळे एकच प्रश्न विचारतो : "सगळ्यात स्वस्त कुठे मिळेल?"

प्रश्न चुकीचा नाही. सुरुवातीच्या दिवसांत हजार रुपयेसुद्धा मोठे असतात, मला माहीत आहे. पण स्वस्त करण्यासाठी आपण जिथे कापतो, ती जागा बहुतेक वेळा चुकीची असते. माझं मत सरळ आहे : बाइकच्या इन्शुरन्समध्ये गाडीच्या नुकसानीच्या भागावर हवी तेवढी घासाघीस करा, पण दुसऱ्याला होणारी इजा, चालवणाऱ्याचा जीव आणि गाडीचा खरा वापर, या तीन गोष्टींवर एक रुपयासुद्धा वाचवू नका. का, ते आकड्यांनीच बघू.

किंमत बनते कशी?

आपण ज्याला "फुल इन्शुरन्स" किंवा "फर्स्ट पार्टी" म्हणतो, त्यात मुख्य दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे तुमच्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी झाली तर. त्यावर मालक-चालकाचं अपघाती संरक्षण आणि १८ टक्के जीएसटी.

यातला थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेले वर्षाचे दर असे :

- ७५ सीसीपर्यंत : ५३८ रुपये
- ७५ ते १५० सीसी : ७१४ रुपये
- १५० ते ३५० सीसी : १,३६६ रुपये
- ३५० सीसीच्या वर : २,८०४ रुपये

इलेक्ट्रिक गाडीला हे दर थोडे कमी आहेत. ३ किलोवॉटपर्यंत ४५७ आणि ३ ते ७ किलोवॉटला ६०७ रुपये.

आपल्याकडच्या बहुतेक धंद्याच्या गाड्या, म्हणजे स्प्लेंडर, शाइन, ॲक्टिव्हा, ७५ ते १५० सीसीत येतात. ७१४ वर जीएसटी धरला की साधारण ८४३ रुपये होतात. हा भाग कुठल्याही कंपनीत गेलात तरी तेवढाच. म्हणून कोणी तुम्हाला "पाचशेत फुल इन्शुरन्स करून देतो" म्हणाला तर खूश होऊ नका. हिशोबच बसत नाही, म्हणजे कागद खोटा असायची शक्यता जास्त. पॉलिसी हातात आली की तिचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, काही दिवसांनी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता कात्री कुठे लावायची नाही, ते आधी.

१. थर्ड पार्टी : ७१४ रुपयांमागे किती मोठी जबाबदारी आहे?

बरेच जण थर्ड पार्टीकडे "पोलिसांना दाखवायचा कागद" म्हणून बघतात. दंडाची भीती असते, आणि ती खरी आहे : इन्शुरन्स नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये, पुन्हा सापडलात तर ४,०००, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. पण दंड ही यातली सगळ्यात लहान गोष्ट आहे.

समजा, कल्याण-बदलापूर रोडवर तुमच्या दुकानाच्या बाइकची धडक बसून ३२ वर्षांचा एक माणूस गेला. महिन्याला २०,००० कमावणारा, घरी बायको आणि दोन मुलं. नुकसानभरपाई कशी काढायची, याची पद्धत सुप्रीम कोर्टाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिलेली आहे. ती अशी चालते :

- वर्षाचं उत्पन्न २,४०,०००
- पुढे वाढलं असतं म्हणून ४० टक्के मिळवायचे : ३,३६,०००
- त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा : २,२४,०००
- त्या वयाचा गुणक १६ : ३५,८४,०००

म्हणजे जवळजवळ ३६ लाख, आणि अंत्यसंस्कार वगैरेची रक्कम वेगळी. थर्ड पार्टी असेल तर हे कंपनी देते. नसेल तर गाडीच्या मालकाने द्यायचे, म्हणजे तुम्ही. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी कलेक्टरमार्फत वसूल होऊ शकते. तुमचं दुकान, डिपॉझिट, घर, सगळं त्या रांगेत येतं. ३६ लाखांची जबाबदारी ७१४ रुपयांत उचलणारं धंद्यात दुसरं काही मला तरी माहीत नाही.

याच भागातला एक छोटा सापळा सांगतो. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी दुचाकीला १ लाखापर्यंत संरक्षण असतं. ते ६,००० वर आणायचा पर्याय काही फॉर्ममध्ये दिसतो, आणि त्यात वाचतात किती, तर पन्नासच्या आसपास रुपये. ती खूण दिसली तर काढून टाका. आजकाल एका कारचा दरवाजा आणि आरसासुद्धा ६,००० त होत नाही.

आणि मागे बसणारा? फक्त थर्ड पार्टीची, म्हणजे "ॲक्ट ओन्ली" पॉलिसी असेल तर बाइकवर मागे बसलेल्याची जबाबदारी त्यात येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा टिळक सिंग खटल्यातला (२००६) निकाल आहे. तुम्ही माल आणायला रोज हेल्परला मागे बसवत असाल तर फुल पॉलिसी घ्या, आणि मागे बसणारा त्यात धरलाय का, हे घेतानाच विचारा.

२. चालवणाऱ्याचा जीव

मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघाती संरक्षण घ्यावं लागतं. मृत्यू आणि कायमचं अपंगत्व यात येतं, हॉस्पिटलचं बिल येत नाही. हे लोक "आधीच आहे" असं खोटं डिक्लेरेशन देऊन काढून टाकतात आणि काही शे रुपये वाचवतात. तुमच्याकडे खरंच १५ लाखांची वेगळी अपघाती पॉलिसी असेल किंवा दुसऱ्या गाडीवर हे घेतलेलं असेल, तर पुन्हा घ्यायची गरज नाही. ते कायदेशीर आहे आणि ती खरी बचत आहे. नसेल तर काढू नका. धंदा तुमच्या एकट्याच्या दोन हातांवर चाललाय, हे विसरू नका.

पण इथे तीन भोकं आहेत, आणि छोटे धंदेवाले नेमके त्यात पडतात.

पहिलं : हे संरक्षण आरसीवर ज्याचं नाव आहे त्यालाच, आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असेल तरच. गाडी वडिलांच्या किंवा बायकोच्या नावावर आणि चालवता तुम्ही, तर ते १५ लाख तुमच्यासाठी नाहीत.

दुसरं : गाडी भागीदारी फर्म किंवा कंपनीच्या नावावर घेतली तर मालक-चालकाचं हे संरक्षण मिळतच नाही. सीए सांगतो म्हणून गाडी फर्मच्या नावावर घेता, तेव्हा चालवणाऱ्याची वेगळी अपघाती पॉलिसी काढा.

तिसरं : दुकानातला मुलगा. तो मालक नाही, म्हणून तो १५ लाखांत नाही. पगारी चालकाबद्दलची तुमची कायदेशीर जबाबदारी थोड्या जादा प्रीमियममध्ये जोडून मिळते, ती जोडून घ्या. शिवाय त्याच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू करायला लावा. वर्षाला २० रुपये, २ लाखांचं अपघाती संरक्षण, वय १८ ते ७०. ते २० रुपये तुम्ही भरा की! पोरगा तुमच्यासाठी रोज रस्त्यावर असतो.

आणि चावी देण्याआधी त्याचं लायसन्स डोळ्यांनी बघा. बिनगिअरचं लायसन्स असेल आणि तुम्ही स्प्लेंडर दिली, तर ते लायसन्स त्या गाडीसाठी चालत नाही. अशा वेळी जखमी माणसाला कंपनी पैसे देईलही, पण नंतर तेच तुमच्याकडून वसूल करू शकते. स्वरण सिंग खटल्यात (२००४) सुप्रीम कोर्टाने ही वाट मोकळी ठेवली आहे. सुट्टीत आलेला सोळा वर्षांचा भाचा तर विषयच नको. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला २५,००० दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.

३. खरा वापर लपवू नका

हा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि याच्यावर कोणी बोलत नाही.

तुमची पॉलिसी काढा आणि "लिमिटेशन्स ॲज टू यूज" ही ओळ शोधा. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत तिथे साधारण असं असतं : भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर नाही, आणि सॅम्पल किंवा वैयक्तिक सामान सोडून मालाची वाहतूक नाही.

आता बघा. तुम्ही रोज सीटवर तीन गठ्ठे बांधून शहाडहून बदलापूरला जाता. अपघात झाला, गाडी चेपली, सर्व्हेअर आला, फोटोत गठ्ठे दिसले. कंपनीच्या हातात नकाराचं कारण तयार आहे. वर्षानुवर्षं भरलेला प्रीमियम ऐन वेळी कामाला येणार नाही.

मग काय करायचं? घाबरायचं नाही, लिहून विचारायचं. पॉलिसी घेण्याआधी कंपनीला साधा ईमेल करा : "माझं अमुक दुकान आहे, या गाडीवर मी स्वतःचा माल नेतो, दिवसाला इतक्या डिलिव्हरी होतात. हा वापर या पॉलिसीत बसतो का? नसेल तर कुठली पॉलिसी लागेल?" आलेलं उत्तर जपून ठेवा. एजंट तोंडी म्हणेल, "चालतं हो साहेब, सगळे असंच करतात." सगळे करतात म्हणून क्लेम पास होत नाही. व्यावसायिक पॉलिसी लागेल असं उत्तर आलं, तर गाडीची नोंदणीही बदलावी लागते का, ते कल्याण आरटीओत विचारून घ्या.

"पण सर, मग प्रीमियम वाढेल ना!" वाढेल. आपण त्याला खर्च म्हणून बघू. समजा वर्षाला २,००० जास्त गेले. दिवसाला १० डिलिव्हरी, वर्षात ३०० दिवस, म्हणजे ३,००० डिलिव्हरी. एका डिलिव्हरीमागे ६७ पैसे. पेट्रोल, पिशवी, सेलोटेप हे सगळं आपण किमतीत धरतो, मग हे ६७ पैसे का नाही? जो धंदा एका डिलिव्हरीमागे ६७ पैसे पेलू शकत नाही, त्याची किंमत आधीच चुकलेली आहे.

आता कात्री लावायची जागा : ओन डॅमेज

इथे दर कंपन्या ठरवतात, म्हणून इथेच स्पर्धा आहे आणि इथेच तुमचे पैसे वाचतात.

कोटेशन सारखं करून मगच तुलना करा. कंपनी 'अ' स्वस्त दिसते, कारण तिने आयडीव्ही, म्हणजे गाडीची धरलेली किंमत, कमी लावलेली असते. गाडी चोरीला गेली की मिळणारी रक्कम या आकड्यावरच ठरते. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घट धरतात. म्हणजे ८०,००० ची गाडी आधी ६४,००० ला, नंतर ४०,००० ला. दोन्ही कोटेशनमध्ये आयडीव्ही आणि ॲड-ऑन सारखे करा, मग खालचा आकडा बघा.

नो क्लेम बोनस सांभाळा. सलग क्लेम न घेतल्यास ओन डॅमेजवर २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते. समजा तुमचा ओन डॅमेज प्रीमियम १,००० आहे आणि सूट ५० टक्क्यांवर आली आहे. मडगार्ड आणि मास्क तुटला, पार्टचं बिल १,६००. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापून आणि तुमच्या वाट्याचे शंभर वजा करून हातात आले ७००. पण सूट शून्यावर आली. ती परत वर चढेपर्यंत पाच वर्षांत तुम्ही ५००, ३००, २५०, १५० आणि ५० असे १,२५० जास्त भरता. छोटा क्लेम खिशातून भागवा, मोठ्यासाठी पॉलिसी ठेवा.

तारीख चुकवू नका. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केली नाही तर हा बोनस जातो. त्यात मधल्या दिवसांत अपघात झाला तर काहीच नाही. मोबाइलमध्ये पंधरा दिवस आधीचा रिमाइंडर लावा.

बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. जुनी बाइक विकून नवी घेताना कंपनीकडून बोनसचं सर्टिफिकेट घ्या आणि नव्या गाडीला लावा. शोरूमवाला स्वतःहून आठवण करून देईलच असं नाही.

ॲड-ऑन गरजेपुरते घ्या. पहिल्या तीन-चार वर्षांत झिरो डेप घेण्यासारखा असतो, कारण बाइकवर प्लास्टिक भरपूर. गाडी जुनी झाली की सोडा. कर्जावर नवी गाडी असेल तर रिटर्न टू इन्व्हॉइसचा विचार करा, बाकी छोट्यामोठ्या ॲड-ऑनची यादी बिनधास्त कापा.

जुन्या गाडीला ओन डॅमेज हवाच का? दरवेळी नाही. दहा वर्षांची गाडी, किंमत १५,०००, गेली तर धंदा दोन दिवसांत दुसरी उभी करू शकतो, तर फक्त थर्ड पार्टी आणि अपघाती संरक्षण ठेवा. मागे माणूस बसवत असाल तर मात्र वर सांगितलेली गोष्ट लक्षात ठेवा.

पण एक स्थानिक हिशोब विसरू नका : पाणी. आपल्या एका बाजूला उल्हास, अंबरनाथ-उल्हासनगरमधून वालधुनी. २६ जुलै २००५ सगळ्यांना आठवतो. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकून पडली होती. फक्त थर्ड पार्टी असेल तर पुरात गेलेल्या गाडीचे शून्य रुपये मिळतात. तुमची गाडी रात्री नदीकाठच्या सखल गल्लीत उभी राहत असेल, तर ओन डॅमेज काढताना दहा वेळा विचार करा. आणि पाण्यात बुडालेली गाडी किक मारून चालू करायची नाही. तसं करून इंजिन बिघडलं तर साधी पॉलिसी ते नुकसान सहसा देत नाही, इंजिनचं वेगळं ॲड-ऑन लागतं. गाडी ढकलत गॅरेजला न्या आणि आधी कंपनीला फोन करा.

दोन फसवे समज

पहिला : "माझा पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे." १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी सक्तीची झाली. पण त्याबरोबर ओन डॅमेज बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो संपतो आणि मालक निवांत असतो. आजच पॉलिसीवरच्या दोन्ही तारखा बघा. फक्त ओन डॅमेज वेगळा मिळतो, आणि तो दुसऱ्या कंपनीचाही चालतो.

दुसरा : "सेकंडहँड घेतली, इन्शुरन्स चालू आहे, नाव नंतर करू." गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. थर्ड पार्टीचा भाग नव्या मालकाकडे येतो, पण ओन डॅमेज आपोआप येत नाही. गाडी चोरीला गेली तर पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, गाडी तुमची, आणि क्लेम कोणाचाच नाही. जुन्या मालकाचा बोनसही तुम्हाला मिळत नाही.

शेवटी

मला नेहमी ऐकायला मिळतं, "दहा वर्षांत एक क्लेम घेतला नाही, पैसे फुकट गेले." दुकानाचं शटर रोज रात्री लावतो, चोर आला नाही म्हणून कुलुपाचे पैसे फुकट गेले असं आपण म्हणत नाही. छोट्या धंद्याकडे राखीव पैसा नसतो. मोठी कंपनी एक अपघात सोसून पुढे जाते, आपण एका अपघातात बंद पडतो. म्हणून ज्या नुकसानीने धंदा बंद पडेल, ते कंपनीवर टाका. ज्याने फक्त महिना जड जाईल, ते खिशातून भागवा. स्वस्त आणि महाग ठरवायची माझी पट्टी एवढीच.

आज रात्री गल्ला मोजून झाला की दहा मिनिटं काढा आणि पॉलिसीवर सहा गोष्टी बघा :

- थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज, दोघांच्या शेवटच्या तारखा
- आरसी आणि पॉलिसीवर एकच नाव आहे का
- १५ लाखांचं अपघाती संरक्षण आहे का, आणि ते खऱ्या चालवणाऱ्याला लागू होतं का
- वापराच्या मर्यादांची ओळ आणि तुमचा रोजचा वापर जुळतो का
- आयडीव्ही आणि बोनसचा टक्का
- गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचं लायसन्स

यातली एक जरी गोष्ट अडली, तर उद्या सकाळी दुकान उघडल्यावर पहिला फोन इन्शुरन्सवाल्याला करा. माल नंतर लावा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. गाडी सांभाळून चालवा, हेल्मेट घाला, आणि मागे बसणाऱ्यालाही घालायला लावा.